यादीत तुमचं नाव आलं का?

दहावीच्या ग्रुपवर शाळेसाठी देणगीचा मेसेज येतो. द्यावंसंही वाटतं आणि रागही येतो. असं का होतं? आणि मग करायचं काय?

रविवारची सकाळ. कॉट बेसिसच्या रूमवर तुम्ही अजून अंथरुणातच असता आणि मोबाइल थरथरायला लागतो. दहावीचा ग्रुप. एरवी त्यावर काय असतं? गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवसाचे केक, कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो. आज मात्र लांबलचक मेसेज असतो.

सुरुवात 'प्रिय माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो' अशी. मग ज्ञानमंदिर, संस्कार, ऋण, खारीचा वाटा हे सगळे शब्द ओळीनं येतात. शाळेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे. दोन डिजिटल क्लासरूम करायच्यात. प्रत्येक बॅचनं हातभार लावायचा आहे. माणशी किमान 2500 रुपये. 11 हजार किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांचं नाव गेटजवळच्या ग्रॅनाइटवर कोरलं जाईल. खाली क्यूआर कोड.

तुम्हालाही आलाय ना असा मेसेज? नसेल तर येईल. शाळेला पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर अशी कुठली तरी वर्षं होतच असतात.

मला आला तेव्हा मी आधी बँक बॅलन्स बघितला. इंटर्नशिपचा स्टायपेंड महिना सहा हजार. कॉटचे आणि मेसचे गेले की उरतात ते बसच्या पासला आणि रिचार्जला. म्हणजे 2500 भरायचे तर महिनाभर जेवायचं नाही किंवा पप्पांकडे मागायचे. शाळेला देणगी द्यायला पप्पांकडे पैसे मागायचे, हे मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं.

मग मेसेज परत वाचला. या वेळी डोळ्यांसमोर ग्राउंडवरचा कडुनिंब आला, शनिवारची सकाळची शाळा आली, मधल्या सुट्टीतल्या खिचडीचा वास आला. छान वाटलं. आणि त्याच्या मागोमाग राग आला. कशाचा, ते लगेच कळेना. कळलं ते तिसऱ्या दिवशी.

हिरवी टिक

रविवारी संध्याकाळीच ग्रुपवर यादी पडली होती. हजेरीच्या क्रमानं सत्तेचाळीस नावं. ज्यानं पैसे भरले त्याच्या नावापुढे हिरवी टिक. भरणाऱ्यानं यादी कॉपी करायची, आपल्यापुढे टिक लावायची आणि पुन्हा ग्रुपवर टाकायची. त्यामुळे दर तासाला नवी यादी. अधूनमधून ॲडमिनचा हात जोडलेला मेसेज, 'बाकीच्यांनी मनावर घ्या. अ तुकडी आपल्या पुढे गेलीय.'

तिसऱ्या दिवशी माझी बेंचमेट ग्रुपमधून बाहेर पडली. काही न बोलता. आमच्या वर्गात पहिली यायची ती. आम्ही मार्च 2019 ची बॅच. म्हणजे अंतर्गत परीक्षेचे 20 मार्क काढून टाकले आणि राज्याचा निकाल धाडकन 77.10 टक्क्यांवर आला, ते वर्ष. त्या वर्षीही हिनं नव्वदच्या वर मार्क काढले होते. आज ती गावातच एका मेडिकल स्टोअरमध्ये काम करते आणि पहाटे पोलीस भरतीसाठी पळायला जाते.

मी फोन केला.

"पैसे नाहीत म्हणून नाही गं," ती म्हणाली. "दोन-तीनशे मी पण दिले असते. पण ती यादी बघितली आणि आठवीचा वर्ग आठवला."

माझा राग कशाचा होता, ते तेव्हा मला कळलं.

नाव आलं की उभं राहायचं

आठवीत आम्हाला संगणक फी होती. वर्षाचे 600 रुपये. आमची शाळा तालुक्याच्या गावची, मराठी माध्यमाची, अनुदानित. संगणक कक्षात बारा कॉम्प्युटर, त्यातले चालू पाच, बाकीच्यांवर प्लास्टिकची कव्हरं. चपला बाहेर काढून जायचं आणि आळीपाळीनं माउस धरायचा. वर्षभरात माझ्या वाट्याला माउस किती वेळा आला, ते मी बोटांवर मोजून सांगू शकते.

ते वर्ष होतं 2016. दिवाळीची सुट्टी संपतेय न संपतेय तोच 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. पप्पांचं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे. जो येईल तो पाचशेची जुनी नोट पुढे करायचा. घ्यावी तर बँकेत रांग, न घ्यावी तर गिऱ्हाईक जातं. त्या दोन महिन्यांत घरात 600 रुपये नव्हते असं नाही. पण ते किराण्याचे होते.

दर शनिवारी परिपाठ झाला की वर्गात यादी वाचली जायची. फी न भरलेल्यांची. नाव आलं की उभं राहायचं. 'कधी आणणार?' असं विचारलं की 'सोमवारी' म्हणायचं. सगळेच सोमवारी म्हणायचे. बेंचमेट आणि मी एकदमच उभ्या राहायचो, म्हणून जरा बरं वाटायचं. एका शनिवारी 'फी आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही' म्हणून आम्हा सहा जणांना व्हरांड्यात उभं केलं होतं. वर्गात भूमितीचा तास चालू होता. खिडकीतून फळा अर्धाच दिसायचा.

मग जानेवारीत एका शनिवारी यादी वाचली गेली आणि माझं नाव आलंच नाही. बेंचमेटचंही नाही. मला वाटलं, पप्पांनी भरले. घरी विचारलं, तर पप्पा म्हणाले, "नाही अजून. भरतो या आठवड्यात." मी गप्प बसले. ते भरायला गेले नाहीत आणि मी आठवण केली नाही. माझं नाव यादीतून कसं गेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. खरं तर मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

आता सांगा, नऊ वर्षांनी तशीच यादी मोबाइलवर आली, तर काय वाटेल?

शाळा वेगळी, संस्था वेगळी

या लेखासाठी मी वर्गातल्या काही जणांशी आणि पुण्यातल्या कॉलेजमधल्या मित्रमैत्रिणींशी बोलले. उत्तरं एकसारखी नव्हती, आणि मला प्रत्येकाचं पटत होतं.

हिंजवडीत नोकरीला लागलेल्या एकानं पहिल्याच दिवशी 11 हजार भरले. मला वाटलं, ग्रॅनाइटसाठी भरले असतील. तो म्हणाला, "गणिताच्या सरांसाठी." हे सर सकाळी सहाला जादा तास घ्यायचे, एक रुपया न घेता. त्यांची तुकडी विनाअनुदानित होती. म्हणजे सरकारकडून पगार नाही आणि संस्था देईल ते मानधन. ते घरी दोन म्हशी सांभाळायचे, डेअरीला दूध घालायचे आणि मग शाळेत यायचे. "सर नसते तर मी इंजिनीअरिंगला गेलो नसतो. मग द्यायला नको?" द्यायला पाहिजे. पण त्यानं दिलेल्या 11 हजारांतला रुपया तरी सरांपर्यंत जाणार आहे का?

दुसरा एक म्हणाला, "ज्या शाळेत मी डस्टरचा मार खाल्ला, तिला मी काहीही देणार नाही." त्याच्या तळहातावरची खूण त्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवली. याला कृतघ्न म्हणायचं का?

आणि तिसरी, माझी पुण्यातली रूममेट, तिनं एका वाक्यात विषय संपवला. "शाळेला दे. संस्थेला देऊ नकोस."

हा फरक मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शाळा म्हणजे बाई, सर, शिपाई मामा, घंटा, फळा. संस्था म्हणजे स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत सोफ्यावर बसणारी माणसं. पाचवीच्या प्रवेशाला आमच्या घरून 'इमारत निधी' म्हणून दीड हजार घेतले होते. 2013 सालची गोष्ट. तेव्हा शिक्षण हक्क कायदा लागू होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या कायद्यात प्रवेशासाठी देणगी घ्यायला सरळ मनाई आहे. त्याहीआधी, 1987 पासून, राज्याचा कॅपिटेशन फी विरोधी कायदा आहेच. पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी भरलेच असते, कारण मुलीला शाळेत घ्यायचं होतं. त्या दीड हजारांतून आमच्या शाळेची कुठली वीट लावली गेली, ते मला दिसलेलं नाही. ग्राउंडच्या पलीकडे त्याच संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा मात्र उभी राहिली. तिला पिवळी बस आहे, आणि आमच्या शाळेचा पट दरवर्षी कमी होतोय.

म्हणून 'ऋण' हा शब्द वाचला की गोंधळ होतो. ऋण आहे, हे खरं. पण कुणाचं? म्हशी सांभाळणाऱ्या सरांचं की सोफ्यावरच्या माणसांचं? क्यूआर कोड तर एकच आहे.

मूठ आणि ग्रॅनाइट

असं नाही की शाळेसाठी लोकांकडे मागणं हेच वाईट. महाराष्ट्रातलं शिक्षण वर्गणीवरच उभं राहिलंय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायचं तर धान्य आणायचं कुठून? मुष्टिफंडातून. घराघरातून मूठ मूठ धान्य बाजूला काढलं जायचं आणि वसतिगृहाला यायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेच्या पुस्तकांत आणि कर्मवीर जयंतीच्या भाषणांत ऐकलेलं आहे. महर्षी कर्वेही वर्गणी मागत गावोगाव फिरले. त्यांच्या महिला विद्यापीठाला 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. एसएनडीटी ते हेच.

म्हणजे मोठी देणगी आणि त्यासोबत नाव, हेही आपल्याकडे जुनंच. आता सरकारही तेच करतंय. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यानं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी दत्तक शाळा योजना आणली. मोठ्या महापालिकेतली शाळा पाच वर्षं दत्तक घ्यायची तर 2 कोटी, दहा वर्षं घ्यायची तर 3 कोटी. तेवढ्या काळासाठी शाळेच्या नावाला देणगीदाराच्या पसंतीचं नावही जोडता येतं.

पण मुठीची गोष्ट मला जास्त आवडते. मूठ प्रत्येकाची असते. कुणाची मोठी, कुणाची लहान. ज्वारी एकदा पोत्यात पडली की कुठली कुणाची, हे कुणी सांगू शकत नाही. त्यात 'किमान' नसतं. 'किमान 2500' म्हटलं की दोनशे देणारा गप्प बसतो आणि मग ग्रुप सोडतो. माझ्या बेंचमेटचे दोनशे रुपये शाळेला नको होते असं नाही. यादीत त्यांना जागाच नव्हती.

शनिवारी, शाळेत

रूमवर बसून चिडण्यापेक्षा एकदा जाऊन बघू, असं ठरवलं. एसटी पकडली आणि शनिवारी सकाळी शाळेत गेले. सहा वर्षांनी.

आम्हाला हिंदी शिकवणाऱ्या बाई आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी ओळखलं, चहा मागवला. मी विचारलं, "बाई, शाळेला नेमकं काय हवंय?"

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "डिजिटल क्लासरूम ठरली ती संस्थेच्या मीटिंगमध्ये. मला विचारशील तर आधी चल माझ्याबरोबर."

पहिलं दाखवलं ते एक कपाट. आमच्या आधीच्या एका बॅचनं दिलेला प्रोजेक्टर त्यात होता. दिवा गेलाय. दिवा बदलायला पैसे नाहीत आणि त्यासाठी कुणी देणगीही देत नाही. शेजारी एका योजनेतून आलेला मोठा टीव्ही, त्याला इंटरनेट नाही. मग बाई मागच्या बाजूला घेऊन गेल्या. मुलींची चार स्वच्छतागृहं, दोनांना कुलूप. उरलेल्या दोनांची अवस्था इथे लिहीत नाही. तुम्ही मुली असाल तर तुम्हाला सांगायला नको.

"मामा रिटायर झाले," बाई म्हणाल्या. "त्यांच्या जागी माणूस मिळत नाही."

मला वाटलं, भरती रखडली असेल. तसं नाही. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार खासगी अनुदानित शाळांमधली शिपायासारखी पदं निवृत्तीनंतर नव्यानं भरायची नाहीत. त्याऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता मिळतो. शिक्षकांचे पगार सरकार देतं. खडू, वीजबिल, दुरुस्ती यांच्यासाठी वेतनेतर अनुदान येतं, पण ते थोडं असतं आणि येईल तेव्हा येतं. आमच्या शाळेत एक जण भत्त्यावर आहे. तो घंटा देतो, टपाल नेतो, गेट उघडतो. स्वच्छतागृह धुणं त्याच्याच्यानं होत नाही.

व्हरांड्यात आठवीची एक मुलगी भेटली. आम्ही उभ्या असायचो त्याच जागेच्या जवळपास. तिला विचारलं, "मग तुम्ही काय करता गं?"

"आम्ही पाणीच पीत नाही, ताई," ती म्हणाली. "घरी गेल्यावर."

अकरा ते पाच शाळा. सहा तास.

परत येताना बाई म्हणाल्या ते मी तसंच लिहून घेतलं. "टीव्हीवर देणगीदाराचं नाव लावता येतं. संडास धुणाऱ्या मावशीच्या पगारावर कसं लावणार?"

निघण्याआधी मी ऑफिसात डोकावले. क्लार्क तेच आहेत, केस तेवढे पांढरे झालेत. धीर करून विचारलं, "सर, आठवीत माझी संगणक फी कुणी भरली होती?"

"किती सालची गोष्ट?"

"2017. जानेवारी."

ते हसले. "जुनी पावतीपुस्तकं माळ्यावर गठ्ठ्यात बांधून ठेवलीत. आणि पावतीवर नाव तुझंच असणार. तेव्हा दोन-तीन शिक्षक होते असे. येऊन चार-पाच पोरांचे भरून जायचे. नाव सांगायचं नाही, एवढीच अट."

मी पुढे काही विचारलं नाही. ते नाव सांगणार नव्हते, हे दिसत होतं. आणि ज्यांनी भरले त्यांचीही तीच इच्छा होती.

मग काय केलं?

एसटीत बसल्या बसल्या मी ग्रुपवर मेसेज टाईप केला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठवला. त्यात एवढंच होतं: मी शाळेत जाऊन आले. तिथे आधी मुलींच्या स्वच्छतागृहासाठी रोज येणारं माणूस हवंय. एकदाच अडीच हजार देण्यापेक्षा ज्याला जमेल त्यानं महिना शंभर रुपये द्यावेत. पैसे शाळेच्या बँक खात्यात, पावती शाळेची. आणि कृपा करून यादी बंद करा.

अर्धा तास कुणीच काही बोललं नाही. मग ॲडमिननं लिहिलं, 'यादी नसेल तर कुणी दिले ते कळणार कसं?' मी लिहिलं, 'नाही कळणार.' त्यावर बरीच चर्चा झाली. एक-दोघांनी 'हिला पत्रकार झाल्यापासून जास्त कळायला लागलंय' असंही लिहिलं. ज्यानं 11 हजार भरले होते, त्यानं मात्र पहिल्यांदा अंगठा दाखवला.

आता हिशेब सांगते. सत्तेचाळीसपैकी एकोणीस जणांनी हो म्हटलंय. महिना एकोणीसशे. रोज दोन तास यायला एक मावशी तयार आहेत, महिना तीन हजारांत. अकराशे कमी पडतायत. ते कुठून आणायचे, ठरलेलं नाही. डिजिटल क्लासरूमचा फंडही चालूच आहे आणि ग्रॅनाइटही येणार आहे. यादी थांबली, पण बेंचमेट काही ग्रुपवर परत आलेली नाही. तिला मी सगळं सांगितलं. "बघू," म्हणाली. तिच्यावर जबरदस्ती करायचा मला अधिकार नाही. तुमच्यावरही नाही.

राग गेला का? नाही. व्हरांड्यात उभं केलं होतं ते केलंच होतं, आणि त्या दीड हजारांचा हिशेब अजून कुणी दिलेला नाही. पण आपला राग ज्यांच्यावर आहे ती माणसं आज त्या बाकांवर बसत नाहीत. तिथे आठवीची ती मुलगी बसते आणि तहान मारून घरी जायची वाट बघते. देणगी द्यायची की नाही हे ठरवताना मला आता शाळेची इमारत किंवा संस्थेचे अध्यक्ष दिसत नाहीत, ती दिसते. त्यामुळे ठरवणं सोपं झालं. तुमच्या शाळेत कोण दिसतंय, ते तुम्ही जाऊन बघा. आणि बघूनही द्यावंसं वाटलं नाही, तर नका देऊ. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

मी त्या शनिवारी निघताना ऑफिसात 600 रुपये भरले. क्लार्क सरांनी पावतीपुस्तक काढलं. मी म्हटलं, "नावाच्या जागी फक्त 'माजी विद्यार्थिनी' लिहा ना."

"तसं चालत नाही," ते म्हणाले. "ऑडिट असतं." आणि माझं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, लिहून पावती फाडली.

पैसे देण्याआधी एवढं बघा

- क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं? शाळेचं, संस्थेचं किंवा माजी विद्यार्थी संघाचं यायला हवं. एखाद्या व्यक्तीचं आलं तर थांबा आणि विचारा.

- पावती मागा. मागायला लाजू नका. तिच्यावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि शक्यतो देणगीचं कारण असावं.

- संस्थेकडे 80जी नोंदणी असेल तर जुन्या कररचनेत देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते. 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर ती मिळत नाही. नव्या कररचनेत ही सवलत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना अजून कर भरावा लागत नाही, पण घरच्यांच्या नावानं देत असाल तर लक्षात ठेवा.

- सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. 'मागच्या फंडाचं काय केलं?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. अनुदानित शाळेत माहिती अधिकारही चालतो.

- काय हवंय ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि मुलांनाही विचारा. नवी वस्तू देण्याआधी जुनी का बंद पडलीय ते बघा.

- पैसे नसतील तर वेळ द्या. केंद्र सरकारचं 'विद्यांजली' पोर्टल त्यासाठीच आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांना काय मदत हवी ते तिथे दिसतं आणि शिकवायला, मार्गदर्शन करायला नाव नोंदवता येतं.

- तुम्हीच ग्रुपचे ॲडमिन असाल तर वर्गणी जरूर मागा. फक्त यादी टाकू नका.